डॉक्टरांच्या वाटणीचं लिंबू

सदाशिव पेठेतल्या एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: 'श्यामसुंदर पानसे. आम्ही चौकशी करतो. आमची करू नये.' पाटी वाचून निम्मी गिऱ्हाइकं जिना न चढताच परत जात, आणि पानशांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते माधवराव आगाश्यांना, कारण पाटीचं कौतुक उरलेली निम्मी करत आणि मजकूर आगाश्यांचा नव्हता.

आगाशे हे पानशांचे शाळासोबती. एक्कावन्न सालच्या एस.एस.सी.ला वर्गात पहिले पानसे आणि दुसरे आगाशे. अंतर तीन मार्कांचं, आणि तिन्ही मार्क संस्कृतात गेलेले. पुढे आगाशे गणिताचे मास्तर झाले, चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले आणि रोज सकाळी नऊला पानशांच्या खोलीत येऊन बसू लागले. मदतीला जातो असं ते घरी सांगत. खरं म्हणजे श्याम पानसे आयुष्यात एकदा तरी चुकेल आणि त्या वेळी आपण समोर असू, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

ब्याण्णव सालच्या ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी जिना चढून जो माणूस आला, तो दारातच उभा राहिला. साठी ओलांडलेला, खाकी शर्ट, हातांच्या रेषांत मुरलेलं ग्रीस.

"बसा," पानसे म्हणाले.

"हात काळे हायेत साहेब."

"खुर्चीही काळीच आहे. बसा."

तो टेकला. नाव दत्तोबा, बिबवेवाडीत मोटारींची शेड. जुन्या विलायती गाड्यांत त्याच्यासारखा हात पुण्यात नाही, हे आगाश्यांनीसुद्धा ऐकलं होतं.

"डॉक्टर बर्व्यांची रायली गाडी," दत्तोबा म्हणाला. "एक्कावनची. तीस वरसं माझ्या हातात हाय. डॉक्टर गेल्या साली गेले आन् बाईंनी गाडी लिलावाला काढली."

लिलावाची बातमी पेपरात आली होती. जुन्या मोटारींच्या मंडळाने पुण्यात पहिल्यांदाच असा लिलाव मांडला होता. दसरा झाला होता, तुळशीचं लग्न अजून लागायचं होतं, म्हणून कर्वेनगरातलं एक मंगल कार्यालय रिकामं मिळालं. आठ गाड्या होत्या. रायली मानाची, म्हणून तिची बोली सगळ्यांत शेवटी.

"रविवारी सकाळी सातला म्या बॅटरी जोडली, समद्यांच्या देखत," दत्तोबा सांगू लागला. "मग पोरांना घिऊन गाडी ढकलली आन् डावं अंग कोठीच्या भिंतीला लावलं. बॅटरी डाव्या अंगाला हाय. मधी मानूस शिरायला नगो, म्हून. न्यूट्रल केली, हँडब्रेक वढला, चाकांम्होरं लिंबं मांडली आन् वर पोहे खायला गेलो. दहाला बोलीवाले जमले. म्या स्टार्टर दाबला तर गाडीनं मागं हिसका दिला. न्यूट्रलला घिऊन परत दाबला. झाली चालू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हून जरा जोरात रेस दिली, तर बॉनेटमधनं धूर."

"कशाने?"

"बॅटरी उलटी जोडलेली. ह्या जुन्या गाड्यांना प्लसची तार बॉडीला लागते. आताच्या गाड्यांना मायनसची. उलटी लावली तरी गाडी चालू व्हती, पर रेस दिली की डायनामो आन् बॅटरीची झुंज लागती. वायरिंग जळालं. मंडळाचे नेनेसाहेब पयले धावले, उजवीकडनं वाकून तार तोडली, म्हून गाडी वाचली."

"आणि तुम्ही सुलटी जोडली होती."

"तीस वरसं सुलटीच जोडतोय."

रायलीची बोली पुढच्या रविवारवर गेली. बाकी गाड्या विकल्या गेल्या, आणि दिवसाची सगळ्यांत मोठी बोली मंडळाचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण नेने यांच्या ऑस्टिनला लागली. कोल्हापूरच्या कुणी ती नेली.

"नेनेसाहेब म्हनाले, दत्तोबाचा जीव जळला. गाडी दुसऱ्याच्या दारात गेलेली बगवंना. मंडळाच्या फळ्यावर लिवलंय, दत्तोबाकडं कुनी गाडी देऊ नये. काल तीन गाड्या लोकांनी माझ्या शेडमधनं वढून नेल्या. एक तर इंजिन उतरलेली, तशीच नेली." त्याने हात मांड्यांवर पुसले. "रविवारी समदे परत जमनार. त्याच्या आत माझं नाव धुऊन द्या साहेब. दुसरं कायबी नगं."

पानशांनी चष्मा काढला. "तुमचा जीव जळला होता का?"

दत्तोबाने नखातलं ग्रीस खरवडलं. "जळला व्हता. खोटं कशाला बोलू? पर जीव जळला म्हून कुनी आपल्या लेकराला काडी लावतं का?"

तो गेल्यावर आगाशे म्हणाले, "त्यानेच केलंय. हेतू कबूल, हातही त्याचाच. झालं."

"माधव, तू पेपर नेहमी पहिल्यांदा देऊन बाहेर यायचास," पानसे म्हणाले आणि स्कूटरची किल्ली शोधू लागले. आगाश्यांना ते झोंबलं.

*

कार्यालयाच्या मागच्या अंगणात, भांड्यांच्या कोठीला खेटून रायली उभी होती. काळी, लांब नाकाची. भोवती दोरी बांधून मंडळाने कागद लावला होता: 'हात लावू नये. लावल्यास कारण सांगावे लागेल.' गाडीचं नाक कोठीच्या कोपऱ्याशी आलं होतं. भिंत तिथेच संपत होती.

"माधव, तू सडपातळ आहेस. जरा खाली वाकून चाकं बघ."

अठ्ठावन्नाव्या वर्षी मोटारीखाली सरपटताना आगाश्यांच्या मनात आलं, की ज्याचे तीन मार्क जास्त, त्याची पँट मात्र नेहमी स्वच्छ. ते ओरडून म्हणाले, "चार चाकं, चार लिंबं. सगळं जागच्या जागी. चाकांपासून वीतभर पुढे आहेत एवढंच."

"हिसका मागे बसला ना. लिंबं कशी आहेत?"

"सुकलीत, पण अख्खी. फुटलेलं एकही नाही. टायरच्या खाचेत काहीतरी चिकटलंय. लिंबाची बी. टाकली."

"उचल ती."

"बी?"

"बी."

आगाशे धुळीत चाचपडत ती शोधून बाहेर आले. पानशांनी ती पाकिटात ठेवली. मग उजवीकडून बॉनेट उघडून, टॉर्च धरून ते आत वाकले. बॅटरीच्या एका खांबावरची पकड त्यांनी चिमट्याने हलवली आणि आतून एक करडी पट्टी ओढून काढली. शिशाची, बोटभर लांब. टोकं कानशीने घासून गोल केलेली.

"बॅटरीचा प्लसचा खांब जाड असतो, मायनसचा बारीक," पानसे म्हणाले. "उलटं जोडायचं तर जाड पकड बारीक खांबावर ढिली बसते. म्हणून ही पाचर." पट्टी त्यांनी उन्हात धरली. "सुबक काम आहे. इथून उजवीकडून तार तोडता येईल, पण पाना फिरवून ही बसवायला डावीकडेच उभं राहायला हवं."

"डावीकडे भिंत आहे."

"हो ना," पानसे म्हणाले.

कार्यालयाचं स्वयंपाकघर मथुराबाई सांभाळत. बाई रागात होत्या, पण त्या रविवारपासूनच रागात होत्या.

"पाव्हण्यांच्या सरबताला पन्नास लिंबं मोजून आनली. पिळायला घेतली तर शेचाळीस. मी मोजल्याबिगर कायबी घेत न्हाय. चार लिंबं गेली कुठं?"

"आत कोण कोण आलं होतं?"

"पोहे वरच्या हॉलात. मी वर वाढत व्हते. मधी दोनदा खाली आले, तवा एकदा नेनेसाहेब कप मोजत व्हते, एकदा ते रायलीसाठी आलेले जयसिंगराव चहा मागत व्हते. ते दोघंच पंगतीला नव्हते."

"दत्तोबा?"

"तो माझ्यासमोर बसलेला साडेआठपातूर. तीन बशा पोहे खाल्ले. लाज न्हाय."

आगाश्यांनी वहीत लिहिलं: तीन बशा. मग खोडलं.

*

सरोजिनीबाई बर्वे जवळच राहत. बैठकीच्या खोलीत एक अख्खी फळी चषकांनी भरलेली होती. मंडळाच्या दरवर्षीच्या स्पर्धेतले पहिले नंबर. आगाशे त्या फळीकडे बघेनात.

"दत्तोबाने केलं असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही," बाई म्हणाल्या. "ह्यांना गाडीची हौस दांडगी, पण पाना कुठल्या बाजूने धरायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं दत्तोबानेच केलं. ती लिंबंसुद्धा. पहिल्या वर्षी तो चार लिंबं घेऊन आला, तर हे म्हणाले, तीन चाकांना पुरे, एक मला सरबताला ठेव. भिंतीकडचं असो की रस्त्याकडचं, डावं मागचं चाक आजतागायत उपाशी. आणि हे गेल्यावर तो ते लिंबू माझ्या हातात देतो. परवाही दिलं."

टेबलावरच्या बशीत एक लिंबू होतं, साल सुकत चाललेलं. बाईंनी ते उचललं नाही, फक्त बशी जरा सरळ केली.

"नेनेसाहेब आणि डॉक्टरांचे संबंध कसे होते?"

"नेने दरवर्षी घरी येऊन अभिनंदन करून जात. पेढे घेऊन. दरवर्षी." बाई थांबल्या. "पेढे फार चांगल्या दुकानातले असत."

जयसिंग दांगट कर्वेनगरातच भेटले. वाडवडिलांच्या ज्वारीच्या रानात आता सोसायट्या होत्या, आणि सोसायट्यांच्या मधोमध त्यांचा बंगला. दारात पाच जुन्या मोटारी आणि एक जीप. जीप बाहेर निघायच्या तयारीत होती. चाकांपुढे लिंबं होती.

"धूर निघाला तर गाडीचा भाव पडंल आन् जयसिंगला स्वस्तात मिळंल, असंच म्हनत्यात ना लोक?" जयसिंगराव हसले. "अहो, स्वस्त गाडी घेतली म्हनलं तर आमच्या भावकीत मला तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई. ती रायली मी पोरगा असताना रस्त्यानं जाताना बघायचो. डॉक्टर आत टोपी घालून. तवापासनं पोटात दुखतंय. मला जळायला येतं साहेब, लपवायला येत न्हाई."

"सकाळी पोह्यांच्या वेळी कुठे होतात?"

"चहा घेतला आन् फाटकाशी माझ्या चार पोरांसंगं बसलो. पोरं तालमीतली हायेत. लागली तर उचलून गाडी हलवतील."

पानसे जीपभोवती फिरले. "इकडचं मागचं चाक रिकामं आहे."

"दत्तोबाचं खूळ. माझी गाडी त्याच्याकडंच असती. मी म्हनलं, चवथं चाक काय सावत्र हाय का? तर म्हनतो, डॉक्टरांची सवय हाय. आता आमचीबी तीच झाली."

*

गोपाळकृष्ण नेने सदाशिव पेठेतच राहत, पानशांच्या खोलीपासून चार गल्ल्यांवर. इमारतीखाली त्यांची पत्र्याची शेड होती. भिंतीवर पाने उतरत्या क्रमाने टांगलेले, प्रत्येकामागे त्याची आकृती रंगवलेली. दरवाजाच्या बिजागरीचे स्क्रूसुद्धा सगळे एका रेषेत फिरवलेले. मधली जागा रिकामी. जमिनीवर तेलाचा एक जुना डाग.

"बावीस वर्षं इथे ऑस्टिन उभी होती," नेने म्हणाले. "तिच्या एकाही नटाला परक्या माणसाचा हात लागला नाही. बसा. चहा झाला असेलच आपला."

चहा झाला नव्हता, पण पुण्यात याला उत्तर नसतं.

"ऑस्टिन विकलीत कशाला?"

"वय झालं. आणि बोली चांगली आली."

टेबलाच्या काचेखाली सोमवारच्या पेपरातलं कात्रण होतं: नेन्यांच्या ऑस्टिनला सर्वोच्च बोली. कात्रीने अगदी काटकोनात कापलेलं. आगाशे त्या कात्रणाकडे पाहत राहिले. त्यांच्या स्वतःच्या घरी कपाटात, धोतरांच्या खाली, एक्केचाळीस वर्षं एक मार्कांचा कागद होता. बायकोला ठाऊक नव्हता.

"दत्तोबावरच संशय का?" पानशांनी विचारलं.

"मत्सर, दुसरं काय. हातातली वस्तू दुसऱ्याकडे जाणार हे काही माणसांना सोसत नाही. त्यातून वयही झालंय. गिअर काढायचासुद्धा विसरला. लिंबं मांडायला मात्र विसरला नाही."

"तुम्ही नाही मांडत?"

"असल्या भाकड गोष्टींकडे मी बघतसुद्धा नाही. वीस वर्षं माझी गाडी त्या रायलीशेजारी उभी राहिली. तो लिंबं काढायला लागला की मी पाठ करून उभा राहत असे."

"स्पर्धेत डॉक्टरांचा पहिला नंबर असायचा म्हणे."

"असेल. कोण लक्षात ठेवतो?" नेने म्हणाले. "हौसेचा मामला. पंच्याहत्तर साली मला ब्याऐंशी होते, त्यांना त्र्याऐंशी. अठ्ठ्याहत्तरला माझे साडेसत्त्याऐंशी, त्यांचे अठ्ठ्याऐंशी. तो अर्धा गुण परीक्षकांनी टायरच्या चिखलाचा कापला. चिखल त्यांच्याही टायरला होता."

परतताना आगाशे स्कूटरवर मागे बसले. मग म्हणाले, "श्याम, त्याला पर्वा आहे."

"कशावरून?"

"ज्याला पर्वा नसते त्याला अर्धे मार्क पाठ नसतात." सांगताना त्यांचे कान तापले. "त्याला विषयवार पाठ आहे. मला ठाऊक असतं असलं."

पानशांनी स्कूटर बाजूला घेतली, थांबवली आणि वळून आगाश्यांकडे पाहिलं. मग पुन्हा चालू केली. हा माणूस धड शाबासकीही देत नाही, असं आगाश्यांना वाटलं.

*

गुरुवारी संध्याकाळी पाचला सगळे कार्यालयाच्या अंगणात रायलीभोवती जमले. सरोजिनीबाईंना खुर्ची दिली होती. दत्तोबा दोरीपासून लांब उभा होता. जवळ यायची त्याला मनाई होती. नेन्यांनी वेळेवर आल्याची नोंद म्हणून घड्याळ पाहिलं. मथुराबाई दारात आल्या होत्या, त्यांना चार लिंबांचा हिशेब हवा होता.

"बॅटरी उलटी कोण जोडेल?" पानशांनी सुरुवात केली. "एक, ज्याला जुन्या गाड्या कळत नाहीत आणि जो चूक सुधारायला जातो. पण अशा माणसाला पकडी बसत नाहीत असं दिसलं असतं आणि तो थांबला असता. इथे पाचर मारलीय, आणि ती घरून तयार करून आणलीय. म्हणजे ज्याने केलं त्याला सगळं कळत होतं."

"दत्तोबाला कळतंच," नेने म्हणाले.

"कळतं. म्हणूनच त्याने हे करायचं तर सातला, जोडतानाच केलं असतं. सगळ्यांच्या देखत पाचर मारली असती आणि कुणाला कळलं नसतं, असं आपलं म्हणणं आहे का? त्यानंतर तो साडेआठपर्यंत मथुराबाईंच्या नजरेसमोर होता, आणि पुढे पोहे संपवून सगळेच अंगणात उतरले. आणि जोडलेली बॅटरी मग उलटायची तर गाडी भिंतीपासून काढायला हवी. ती काढली गेली."

"एकट्या माणसाला ही गाडी ढकलता येत नाही," नेने म्हणाले.

"ढकलता येत नाही. पण पुढून इंजिन फिरवायचं हँडल घालून, गिअरमध्ये टाकून फिरवली तर पुढे सरकते. आवाज नाही. दहा-बारा फेऱ्यांत नाक भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे. परत आणायची तर रिव्हर्समध्ये टाकायची आणि पुन्हा हँडल. जुन्या गाड्या स्वतः सांभाळणाऱ्या माणसाची ही युक्ती आहे. जयसिंगरावांना तिची गरज नव्हती. त्यांच्याकडे तालमीतली चार पोरं होती. हँडल मारणारा एकटा होता, आणि घाईत शेवटचा गिअर काढायचा राहिला. म्हणून दहाला गाडीने मागे हिसका दिला. दत्तोबा न्यूट्रल विसरला नव्हता."

दत्तोबाने मान वर केली. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"पण गाडी पुढे गेली ती लिंबांवरून. लिंबं फुटली. टायरच्या खाचेत बी राहिली. फुटलेली लिंबं दिसली तर गाडी हलल्याचं कळेल, म्हणून त्या माणसाने सगळा चोथा घाईत, न मोजता गोळा केला, स्वयंपाकघरातून लिंबं आणली आणि नवी मांडली."

"माझी चार," मथुराबाई म्हणाल्या.

"तुमची चार. तिथेच तो चुकला." पानसे वळले. "दत्तोबा, रविवारी तुम्ही किती मांडली होती?"

"तीन. चवथं बाईंना दिलं."

"आणि बाईंच्या बशीत ते आहे. इथे मात्र चार आहेत. माधवरावांनी खाली सरपटत जाऊन मोजली आहेत. आत दोघे गेले होते, जयसिंगराव आणि नेने. जयसिंगरावांच्या स्वतःच्या जीपला तीन लिंबं असतात. त्यांनी तीनच मांडली असती. चार कोण मांडेल? ज्याने ही लिंबं वीस वर्षं हाताच्या अंतरावर असूनही पाहिली नाहीत तो. जो पाठ करून उभा राहायचा तो. गाडीला चाकं चार, म्हणून लिंबं चार."

नेने रायलीकडे बघत होते.

"कशासाठी?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "तुम्हाला पैशांची ददात नाही नेने."

"ते मला कळलं नव्हतं," पानसे म्हणाले. "पट्टी कळली, लिंबं कळली. कशासाठी ते माधवरावांनी सांगितलं. स्वतःच्या हाताने उभी केलेली ऑस्टिन ह्यांनी विकायला काढली, ती एका दिवसासाठी. त्या दिवशी यादीत रायलीच्या वर नाव यावं म्हणून."

"एकदा," नेने म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचाच होता, कोरडा. "एकोणीस वेळा दुसरा आलो. एकदा पहिलं यायचं होतं. डॉक्टर वारले तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. तर बाईंनी गाडी लिलावाला काढली, आणि पुन्हा तीच मानाची, पुन्हा तीच शेवटी. वायरिंग जळेल एवढंच ठरवलं होतं. पुढे आग लागू नये म्हणून पक्कड खिशात घेऊन उभा होतो." ते दत्तोबाकडे बघायला धजले नाहीत. "फळ्यावरचं लिहिणं आधी ठरलेलं नव्हतं. त्याचं नाव आधी तोंडातून निघून गेलं, मग फळ्यावर गेलं. आणि मग पुसता येईना."

सरोजिनीबाई खुर्चीतून उठल्या. पर्स उघडून त्यांनी ते सुकलेलं लिंबू बाहेर काढलं.

"चषक घरी आला की त्या रात्री ह्यांना जेवण धड जायचं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, सरोज, गाडी दत्तोबाने केली आणि बक्षीस मला. नेन्यांना बघ, एकेक स्क्रू स्वतःच्या हाताने. मला त्यातलं काही येत नाही. तुम्ही पेढे घेऊन यायचात ना, तेव्हा हे तुमच्या हातांकडे बघत बसायचे. जळायचे ते तुमच्यावर. वीस वर्षं."

त्यांनी ते लिंबू नेन्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे त्यांच्या वाटणीचं. घ्या. सरबत करण्यासारखं राहिलेलं नाही."

नेने ते हातात घेऊन उभे राहिले. मूठ मिटावी की नाही हे त्यांना समजत नव्हतं. मग त्यांनी घरची वाट विचारावी तसं हळू विचारलं, "फळा आत्ता पुसून येऊ?"

"पुसाच," जयसिंगराव म्हणाले. "आन् काय झालं ते त्याच्यावरच लिवा. तुमच्या सुरेख अक्षरात."

दत्तोबा दोरी ओलांडून पुढे आला. पानशांच्या हातातली शिशाची पट्टी त्याने घेतली, अंगठ्याने तिची टोकं चाचपली. बराच वेळ चाचपली.

"रविवारपातूर वायरिंग नवं टाकाया पायजे," तो म्हणाला. "माज्या एकट्याच्यानं व्हनार न्हाई." त्याने नेन्यांकडे पाहिलं. "तुमचा हात साफ हाय साहेब. तुमी टाका. मी म्होरं बसून बगतो. एक तार जरी वाकडी गेली तरी उखडून परत टाकाया लावनार."

नेन्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला एकही हात मोकळा नसल्यासारखे ते तसेच उभे राहिले.

*

रविवारी दहाला दत्तोबाने स्टार्टर दाबला. रायली हिसका न देता चालू झाली. रेस दिली, पुन्हा दिली, धूर नाही. बोली बराच वेळ चालली आणि जयसिंगरावांनी, भावकीत तोंड दाखवता येईल एवढ्या किमतीला, गाडी घेतली. नेने मागच्या रांगेत बसले होते. सेक्रेटरीपद त्यांनी सोडलं होतं. बॉनेट उघडून लोकांना वायरिंग दाखवलं तेव्हा कुणीतरी विचारलं, काम कुणाचं? दत्तोबा म्हणाला, "नेनेसाहेबांचं," आणि त्या एका शब्दापायी नेन्यांनी खाली घातलेली मान शेवटपर्यंत वर केली नाही.

परतताना स्कूटरवर आगाश्यांनी विचारलंच. "श्याम, तू सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंस. मी नसतो तर तुला हेतू कळला नसता?"

"नसता. पहिल्या आलेल्याला मार्क लक्षात राहत नाहीत माधव. ते तुलाच कळायचं."

आगाश्यांची छाती भरून आली. लक्ष्मी रस्त्याच्या वळणापर्यंत ती तशीच भरलेली होती. वळणावर वाक्याचा पहिला भाग त्यांच्या नीट ध्यानात आला.

"तीन," ते मागून म्हणाले. "संस्कृतात."

"असतील," पानसे म्हणाले.

घरी गेल्यावर आगाश्यांनी कपाट उघडलं, धोतरांखालून तो कागद काढला आणि खिडकीशी उभं राहून एकदा वाचला. रिकाम्या शेडमधला तेलाचा डाग त्यांच्या डोळ्यांसमोर आला. मग त्यांनी बायकोला हाक मारली आणि कागद तिच्या हातात दिला.

"हे काय?" तिने विचारलं.

"मी दुसरा आलो होतो," ते म्हणाले.